हाताएवढं अंतर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम कसं करता ते दाखवा.
मी पायातली चप्पल काढून मांडीवर घेतली,
डावा अंगठा पट्ट्यावर, उजव्या हातात वादी,
मान रोज वाकते तेवढी वाकवली.
त्यांनी टेप लावली, डोळ्यापासून वेणीपर्यंत.
दोन फूट दोन इंच.
चाळीस वर्षं मी लोकांचे पाय मापले.
माझं माप कुणी पहिल्यांदाच घेतलं.

टेबलावर तीन भिंगं. योजनेतलं एक, फुकट.
दुसरं लांबचं वेगळं नि जवळचं वेगळं दाखवणारं,
आणि हे, नजर ताणून लांबवणारं:
रस्त्यापासून मांडीपर्यंत एकच सलग वादी, मध्ये गाठ नाही.
"सुईच्या नेढ्याला मात्र थोडं कमी पडेल," त्या म्हणाल्या.
आधी सांगितलं ते बरं केलं.
एका डोळ्याला छत्तीस जोडांचे पैसे.
मी दोन्ही डोळ्यांचे मोजले.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा राजारामपुरी.
मला अक्षरं येत नाहीत, म्हणून फण्यांचा तक्ता.
दात कुणीकडं, मावशी? वर. डावीकडं. खाली.
शेवटच्या ओळीतली फणी उवेच्या डोक्यात खोवता येईल एवढी,
तीही सांगितली.
इचलकरंजीची पोरगी लिहून घेत होती,
लांबचं चांगलं, हाताएवढ्या अंतराचं लई चांगलं,
आणि जवळच्या कार्डावर बारक्या फण्यांचं नुसतं गवत.
एक नंबरचा चष्मा, पापाच्या तिकटीला दीडशेत मिळाला.
रात्रीचं काय, तिनं विचारलं.
रंकाळ्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना मिशा फुटतात.
ती हसली. मेंदू शिकेल हळूहळू, म्हणाली.
शिकू दे. पण दिवे लागले की
काळ्या कातड्यावरचा काळा दोरा मला सोडून जातो,
म्हणून सहाला मी आरी खाली ठेवते.
हे तिनं लिहिलं का, बघितलं नाही.

रंगाचं तिनं विचारलंच नाही.
दोन वर्षं मला वाटायचं, हिरडा काय सुरेख चढलाय,
मुरलेल्या गुळासारखं कातडं.
तो रंग माझ्या डोळ्यातला होता.
परवा माणगावे मास्तर गल्लीतून गेले,
पायात माझाच जोड, सोललेल्या बटाट्यासारखा फिका.
मी म्हटलं, मास्तर, बदलून देते.
"राहू दे की," म्हणाले, "चालायला बरी हाय."
दोन वर्षं सगळेच असे चालले असतील.

मग माळ्यावरचे न विकलेले जोड उतरवले
सुभाषनगरच्या दारात, सकाळच्या उन्हात.
बघावं म्हटलं, किती वाकडं विणलंय.
वेणी तीन बोटं वाकडी. नंतर एकदम सरळ,
पट्ट्याच्या टोकापर्यंत ओळंब्यात.
दुसरा जोड. तिसरा. सगळे तसेच,
सुरुवात माझी, बाकीचं कुणाचं तरी.
मी उजवी वादी डावीवरून नेते.
ही डावी उजवीवरून गेलेली.

घरात डावखुरी एकच, आमची सून सुलभा.
भाकरीही डाव्या हातानं थापते
म्हणून तिला पहिल्या वर्षी मी बोलले होते,
दोनदा, लोकांसमोर.
ती रात्री कधी उठायची, कंदील कुठं लावायची,
तीन बोटं तेवढी माझी कशाला ठेवायची,
हे मला ठाऊक नाही.

आज ती समोर बसलीय, तळ कातरतेय.
मधे दोन फूट दोन इंच असतील, जरा जास्तच.
तिच्या पापणीवरचा कातड्याचा कण मला दिसतो.
भुवईतला एक पांढरा केस दिसतो,
तो गेल्या दिवाळीला होता का, सांगता येत नाही.

मी अर्धी वेणी तिच्याकडं सरकवली,
सुटी टोकं
तिच्या डाव्या हाताला येतील अशी फिरवून.